निष्कर्षाचा रकाना

तासकर मॅडम वर्गात आल्या हे मुलींना त्या फळ्यापाशी पोचल्यावरच कळायचं. आमच्या शाळेत बाकी सगळ्यांची वर्दी आधी लागते. प्रिन्सिपल साहेबांचे बूट वाजतात, दुबे मॅडमच्या बांगड्या वाजतात, आणि माझा तर आवाजच माझ्या आधी जिना चढून येतो असं मुली म्हणतात. तासकर मॅडमचं काही वाजायचं नाही. मागे वळून बघावं तर त्या उभ्या. मुलींनी त्यांचं नाव ‘बिल्ली मॅडम’ ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

एकदा कोणीतरी फळ्यावर मोठं मांजर काढून ठेवलं. मॅडम आल्या, चष्मा वर करून त्यांनी ते नीट बघितलं आणि अगदी शांतपणे वर्गाला विचारलं, “मूँछें तीन-तीन बनाई हैं. देखकर बनाई या सोचकर?” आणि लगेच, “घर जाओ, बिल्ली देखो, कल सुधारकर बनाना,” म्हणाल्या आणि मांजर तसंच ठेवून उरलेल्या अर्ध्या फळ्यावर त्यांनी धडा शिकवला. दुसऱ्या दिवशी मांजराला भरपूर मिशा आल्या होत्या.

‘देखकर या सोचकर’ हे त्यांचं वाक्य शाळाभर झालं होतं. कँटीनवाला भैया चहात साखर जास्त आहे म्हणणाऱ्यालासुद्धा ते ऐकवायचा.

आमची शाळा माधव नगरात. मी तिथे अकरावी-बारावीला कॉमर्स शिकवते. माझे वडील एका धर्मशाळेत आचारी होते. आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन डिग्री घेणारी मी पहिली, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. सांगितल्यावर लोक ‘अरे वा’ म्हणतात आणि विषय बदलतात. तासकर मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, “कुठला पेपर सगळ्यात जड गेला?” असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी स्टॅटिस्टिक्स म्हणाले. मग अर्धी सुट्टी आम्ही स्टॅटिस्टिक्सवरच बोललो. आमची ओळख ती तेव्हापासूनची.

त्या कराडकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या, तासकर साहेबांच्या बँकेतल्या नोकरीमुळे. आम्ही उज्जैनचे जुने मराठी, त्यामुळे आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली की ती वेगळी काढता येत नाही. पहिल्या पहिल्यांदा मॅडम फार हसायच्या. मी एकदा म्हणाले, थांबा हं, भाजी सुधारून येते. तर म्हणतात कशा, “का, बिघडलीय का?” मला राग आला. मी म्हटलं, तुमच्याकडे चिरतात, आमच्याकडे सुधारतात, पोटात जाऊन दोन्हींचं एकच होतं. हे त्यांना इतकं पटलं की पुढे त्याही सुधारायला लागल्या. फोनवर कराडच्या वहिनीशी बोलताना “अजून भाजी सुधारायचीय गं” असं त्या म्हणाल्या तेव्हा मीच हसले.

शिकवायच्या केमिस्ट्री. प्रॅक्टिकलच्या वहीत तीन रकाने असतात: प्रयोग, प्रेक्षण, निष्कर्ष. म्हणजे काय केलं, काय दिसलं, आणि त्यावरून काय ठरलं. ओळखायला दिलेलं मीठ, म्हणजे क्षार, कोणतं आहे ते मुलींना कुठून तरी कळलेलं असायचं, म्हणून त्या आधी निष्कर्ष लिहायच्या आणि मग त्याला शोभेल असं प्रेक्षण रचायच्या. मॅडम ते बरोबर ओळखत. वही परत देत आणि म्हणत, जे दिसलं तेवढंच लिही, दिसलं नसेल तर रकाना कोरा ठेव, कोऱ्या रकान्याचे मी मार्क कापत नाही. आणि खरंच कापत नसत. त्यावरून दुबे मॅडमशी त्यांचं वाजलंही होतं, कारण कोऱ्या वह्या तपासणीत खराब दिसतात.

आणखी एक सवय. शाळेच्या मैदानातून त्या कधी सरळ चालत आल्या नाहीत. गेटपासून कडुनिंबाच्या सावलीत, तिथून भिंतीच्या कडेला, तिथून सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, असं वळसे घेत यायच्या. उन्हाचा एक तुकडा ओलांडावाच लागला तर भराभर पावलं टाकायच्या, जवळजवळ पळतच. मला वाटायचं, कांती जपतायत. मी एकदा चिडवलंसुद्धा, की मॅडम, एवढ्या गोऱ्या राहून काय करणार. त्या नुसत्या हसल्या.

घरी त्या एकट्याच असत. साहेबांची बदली मंदसौरला झाली होती. ते शनिवारी येत, सोमवारी पहाटेच्या गाडीने जात. मॅडमच्या घरात टीव्ही नव्हता. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर कायम तपासायच्या वह्या असायच्या. मी गेले की वह्या उचलून जमिनीवर ठेवत आणि मी निघाले की मी दारातून बाहेर पडण्याआधीच परत खुर्चीवर ठेवत. ते मला बघवायचं नाही.

मूल नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे, म्हणजे त्यांच्यासमोर बोलत नसे. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात घेऊन विचारलं, दवाखान्यात सोबत येशील का. साहेबांच्या शाखेत ऑडिट होतं आणि तिथे एक माणूस बरोबर लागतं म्हणे. “बोलायचं काही नाही,” म्हणाल्या, “नुसतं बसायचं.” मला नुसतं बसणं जमत नाही हे माहीत असूनही त्यांनी मला विचारलं होतं. म्हणजे दुसरं कोणी नव्हतं.

मूल होण्यासाठीच्या उपचारांचा दवाखाना मी पहिल्यांदाच बघत होते. प्रत्येक बाईबरोबर गोतावळा. सासू, नणंद, पोह्यांचा डबा, पाण्याची कळशीच आणायची तेवढी बाकी. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून लाल पेनाने वह्या तपासत होत्या. वाट बघता बघता त्यांनी मला सगळं सांगितलं, धड्यासारखं, पायरीपायरीने. बीजं काढून बाहेर गर्भ तयार केले होते. त्यातले आधी दोनदा पोटात ठेवले, दोन्ही वेळा राहिले नाहीत. आता गोठवून ठेवलेला एकच उरला होता. नवीन बीजं मिळतील अशी आशा डॉक्टरीणबाईंना फारशी नव्हती, वय चाळिशीकडे झुकलेलं. म्हणजे जे काही होतं ते त्या एकातच होतं. हे सांगताना त्यांनी एका मुलीच्या समीकरणात राहिलेलं चिन्ह दुरुस्त केलं.

डॉक्टरीणबाई आत बोलवून म्हणाल्या, की अभी नहीं रख सकते. रक्ताच्या तपासणीत सीआरपी नावाचं काहीतरी वाढलं होतं. पांढऱ्या पेशीही जास्त होत्या. मी मध्येच विचारलं, सीआरपी म्हणजे काय. मला जे कळत नाही ते मी विचारते, डिग्री असल्याचा हाच तर फायदा आहे. बाईंनी नीट सांगितलं. शरीरात कुठेही सूज, जंतू, जखम असली की यकृत हे जास्त बनवतं आणि ते रक्तात दिसतं. घरात कुठेतरी जळतंय एवढं त्यावरून कळतं, कुठल्या खोलीत ते कळत नाही.

“और इससे बच्चा नहीं ठहरता?” मॅडमनी विचारलं.

“ऐसा मैं नहीं कहूँगी,” त्या म्हणाल्या. हा आकडा वाढलेला असला की गर्भ राहण्याची शक्यता कमी दिसते असं काही डॉक्टरांना आढळलंय, काहींना तसं काहीच आढळलेलं नाही. आकडा चांगला असूनही राहत नाही, वाईट असूनही राहतो. “पर एक ही बचा है. अंदर कुछ चल रहा हो और मैं रख दूँ, ये मेरा मन नहीं मानता. पहले कारण ढूँढते हैं.”

मग शोध सुरू झाला. दात दुखतात का, लघवीला जळजळ होते का, खोकला, वजन, ताप. मॅडमची सगळ्याला मान आडवी. दातांच्या डॉक्टरने एका निरपराध दाढेत सिमेंट भरलं. छातीचा फोटो झाला, टीबीची तपासणी झाली, साखर झाली, सगळं ठीक. माझी आई म्हणाली, अंगात उष्णता असेल, आणि तिने सब्जा नि गुलकंद पाठवला. मॅडमनी तो मनापासून खाल्ला. रक्त परत तपासलं तर आकडा पहिल्यापेक्षा वर.

त्या दिवशी रिक्षात त्या पहिल्यांदा तुटक बोलल्या. “कुठेच काही नाही आणि आकडा मात्र आहे,” म्हणाल्या. “म्हणजे मीच. मी अख्खीच.” मी त्यांना म्हटलं, हे देखकर बोललात का सोचकर. त्यांनी तोंड फिरवून देवास गेटकडची दुकानं बघायला सुरुवात केली.

पुढच्या खेपेला सोनोग्राफीच्या खोलीत त्यांना आत घेतलं. चपला-बूट दाराबाहेर काढून जावं लागतं. मॅडम नेहमी आपल्या बेली, म्हणजे त्या काळ्या बंद चपला, स्वतः भिंतीला टेकवून पार कडेला ठेवत. त्या दिवशी त्यांना चक्कर आल्यासारखं झालं होतं, सिस्टरने दंडाला धरून आत नेलं आणि बेली दारातच राहिल्या. झाडूवाली बाई ओरडली, “ये किसके जूते हैं, रास्ते से हटाओ.” मी वाकून उचलायला गेले.

माझी बोटं आरपार गेली.

वरून ती साधी काळी बेली होती, पुढे छोटी फीत, शाळेत सगळ्याजणी घालतो तशी. खाली तळच नव्हता. कोणीतरी सफाईने कापून काढला होता. कडेने बोटभर पट्टी ठेवली होती, वरचा भाग पायावर बसावा एवढ्यापुरती. पाय घातला की बाहेरून बघणाऱ्याला बूट दिसणार आणि पाय सरळ जमिनीवर. एका बेलीच्या टाचेकडची पट्टी पिवळी, ओलसर झाली होती.

मी त्या बेली पदराखाली घेऊन बसले. कोणाला दिसू नयेत असं मला का वाटलं, सांगता येत नाही. कडुनिंब, भिंतीची कड, सायकल स्टँडचा पत्रा, सगळं एकापाठोपाठ एक डोळ्यांसमोरून गेलं. न वाजणारी पावलं पण.

मॅडम बाहेर आल्या. माझ्या मांडीकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी बेली दिल्या. त्यांनी भिंतीला धरून एकेक पाय आत सरकवला आणि म्हणाल्या, “चल, राम घाटावर जाऊ. मी रविवारी तिथेच जाते.”

राम घाटावर दुपारची भीड नव्हती. पायऱ्यांवर सगळेच अनवाणी. आंघोळ करून आलेले, पिंडदानाला बसलेले, फुलं विकणाऱ्या बाया. मॅडमनी बेली काढून पिशवीत टाकल्या आणि सरळ पायरीवर बसल्या. तेव्हा कळलं त्या इथे का येत असतील. इथे अनवाणी माणसाकडे कोणी बघत नाही.

मी पायांकडे बघितलं. टाचांना भेगा आपल्या सगळ्यांना असतात. या भेगा नव्हत्या, फाटलं होतं. उजव्या टाचेची एक बाजू लाल, फुगलेली, मध्ये काळा ठिपका.

सांगताना त्या नदीकडे बघत होत्या. त्यांच्या आईने गावच्या देवीपाशी बोलून ठेवलं होतं, लेकीची कूस उजवेपर्यंत ती अनवाणी चालेल. मॅडमना न विचारता. कळलं तेव्हा त्या आईला फोनवर खूप बोलल्या होत्या, मी सायन्स शिकवते, माझ्या पायांचे सौदे तू कशाला करतेस, असंही. आई म्हणाली होती, बरं बाई, नको चालूस. आणि त्यानंतर काही महिन्यांत आई गेली.

“पाय माझे, शब्द तिचा,” मॅडम म्हणाल्या. “ती असती तर मी कधीच ऐकलं नसतं. आता ती नाही, तर कोणाशी भांडू?”

देवास गेटच्या मोच्याकडून त्यांनी तळ कापून घेतले होते. मोची म्हणाला होता, बहनजी, पहली बार कोई तल्ला निकलवाने आया है. शाळेत अनवाणी गेलं तर प्रश्न विचारतील, आणि मुलींना काय सांगायचं, केमिस्ट्रीच्या बाईने नवस धरलाय?

साहेबांना माहीत नाही का, मी विचारलं. “त्यांना वाटतं माझ्या टाचा फुटतात. घरात मोजे घालते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाला पाय कोण दाखवतं.”

मला खूप काही बोलायचं होतं आणि मी बोललेही. मी म्हटलं, आई मुलासाठी बोलली ना, आणि तिच्या बोलण्यापायीच मूल अडून बसलंय. आईला हे चाललं असतं का. त्या म्हणाल्या, “ते मला कळतं गं. पण काढून टाकलं आणि मग राहिलं नाही, तर?”

 मी उठून तिथल्या एका पंड्याला गाठलं. छत्रीखाली बसून तो मोबाइल बघत होता. बोललेला नवस दुसऱ्याने सोडवायचा असेल तर काय करतात, विचारलं. तो मॅडमच्या पायांकडे बघून म्हणाला, “जोड़ा दान कर दो, संकल्प हम छुड़वा देंगे. रोज छुड़वाते हैं.” मॅडम तोवर माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, नेहमीसारख्या, आवाज न करता. त्यांनी विचारलं, “और फिर काम हो जाएगा?”

पंड्या प्रामाणिक निघाला. “होना हमारे हाथ में थोड़ी है, बाई. छुड़वाना है.”

मॅडम हसल्या. फार दिवसांनी. मग म्हणाल्या की संकल्प वगैरे नको, आईशी मी बोलून घेते. पाण्याजवळच्या पायरीवर जाऊन त्या उभ्या राहिल्या. पाय पाण्यात घालू नका, जखम आहे, असं मी वरून सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. काय बोलल्या मला माहीत नाही. पाठीवरून एवढंच दिसलं की भांडण चालू आहे. हात तसे हलत होते. माझी आई वारली नाहीये, पण तशी वेळ आली तर मीही अशीच भांडेन असं मला तेव्हा वाटलं.

परत जाताना रिक्षा थेट दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई रागावतील अशी तयारी मी करून ठेवली होती, उत्तरंही ठरवली होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चादर सारून दोन्ही पाय बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, “मैंने दाँत पूछे, पैर नहीं पूछे.” मग सर्जनकडे पाठवलं. काळ्या ठिपक्यातून बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक निघालं, भोवती पू. किती दिवसांपासून होतं कोण जाणे. मलमपट्टी, गोळ्या, आणि पायात मऊ चपला. आकडा हळूहळू उतरत गेला आणि एका तपासणीत जिथे असायला हवा तिथे आला.

शाळेत त्या मोज्यांवर सँडल घालून यायला लागल्या. मुलींना त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. बिल्लीला घंटा बांधली म्हणाल्या मुली. मॅडमना हे मीच सांगितलं.

शेवटचा गर्भ ठेवला त्या दिवशी साहेब आले होते. उंच, वाकलेला, अबोल माणूस. ऑडिट नव्हतं तरी सुट्टी मिळवायला त्यांना बरंच करावं लागलं असणार. त्यांनी सगळ्यांसाठी सफरचंदं आणली होती, झाडूवाल्या बाईसाठीसुद्धा. पण परत सोमवारी गेले. मधले वाट बघण्याचे दिवस मॅडमनी एकटीनेच काढले. मी जायचे. खुर्चीवरच्या वह्या उचलून जमिनीवर ठेवायचं काम आता मी करत असे, त्यांनी वाकू नये म्हणून. निघताना मी वह्या परत ठेवत नसे. खुर्ची रिकामीच सोडायचे.

त्या दिवसांत त्यांनी एकदाच काहीतरी मागितलं. म्हणाल्या, तू निघताना दार ओढून घे, मला उठायला लावू नकोस. “कोणी गेल्यावर कडी लावायला नको वाटतं.”

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. मी लॅबच्या दारात गेले तर मुली गेल्या होत्या, गॅसचा वास राहिला होता आणि मॅडम परखनळ्या धूत होत्या. नळ्या धुवायला लॅबचा माणूस आहे. माझ्याकडे न बघता त्यांनी मान हलवली. नाही.

मी आत जाऊन स्टुलावर बसले. खरं तर नुसतं बसायला हवं होतं. पण माझं डोकं चालू झालं होतं. काटा आधी सापडला असता तर. तेवढे महिने गेले नसते तर. मी हे बोलायच्या बेतातच होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सासूबाई होत्या, नाशिकच्या दिराकडून. काटा निघाल्यावर साहेबांना सगळं कळलं होतं, त्यांनीच आईला रिपोर्ट सांगितला असणार आणि नवसाचंही. मॅडमनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, हात ओले होते म्हणून. सासूबाई वाईट बोलत नव्हत्या. रडत होत्या. आणि रडता रडता म्हणाल्या, की तुझ्या आईचा शब्द मोडायला नको होता गं, अजून थोडं सोसलं असतंस तर.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसले.

“आई, तुम्ही म्हणता शब्द मोडला म्हणून. ही वंदना बसलीय इथे, हिला वाटतंय शब्द पाळला म्हणून. डॉक्टर म्हणाल्या आकडा चांगला होता, तरी कधी कधी राहत नाही, का ते त्यांनाही सांगता येत नाही. राहिलं नाही, एवढं दिसलं. ते मी लिहून घेतलं. पुढचा रकाना मी भरणार नाही. तुम्हीही भरू नका.”

 मग सासूबाईंनी विचारलं, जेवलीस का. मॅडम म्हणाल्या, हो. जेवल्या नव्हत्या.

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मी काही बोललेच नव्हते, तरी त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, रकाना कोरा ठेवून राहता येतं का माणसाला. त्यांनी परखनळ्या एकेक करून लाकडी स्टँडवर पालथ्या घातल्या. शेवटची घातल्यावर म्हणाल्या, “मुलींना तर मी तेच सांगते. बघू.” आणि मग त्यांच्या तोंडून आवाज निघाला, रडण्याचा नाही, कोणी जड वस्तू एकट्याने उचलताना निघतो तसा. मी उठून जवळ गेले, पण त्यांनी ओला हात वर करून मला थांबवलं. मी थांबले. लॅबच्या दोन टेबलांमध्ये मी उभी आणि नळापाशी त्या. तशाच उभ्या राहिलो, घंटा होईपर्यंत.

सत्र संपल्यावर त्यांनी शाळा सोडली. मंदसौरला एका शाळेत जागा मिळाली होती. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि मी दोन्ही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तू निष्कर्ष फार लवकर काढतेस, पण निदान लपवत नाहीस.” जाताना मला त्यांनी स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची देऊन टाकली. सामानात एकच नेली का, हे मी विचारलं नाही. ती खुर्ची आता माझ्याकडे आहे आणि तिच्यावर मी वह्या ठेवू देत नाही कोणाला.

देवास गेटच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले होते. मे महिना, भर दुपार. डांबर इतकं तापलेलं की रिक्षाच्या चाकांचे ठसे उठत होते. तळ कापणारा मोची तिथेच छत्रीखाली बसलेला. मॅडमनी त्याला नमस्कार केला, त्याने ओळखलं नाही. पायात नव्या चपला होत्या, चांगल्या जाड तळाच्या, आदल्या दिवशी मीच पसंत केलेल्या. चावतायत म्हणाल्या. मी म्हटलं, चार दिवस चावतील, मग सुधारतील. “सुधारतील,” त्या म्हणाल्या आणि माझा हात दाबला.

बस मैदानाच्या पलीकडे लागली होती. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाल्या. मधलं सगळं मैदान उघडं, रणरणतं, सरळ चाललं तर मिनिटभराची वाट. त्या सरळ गेल्या नाहीत. आधी उसाच्या रसाच्या गाडीच्या कनातीखालून, मग उभ्या असलेल्या एका बसच्या सावलीतून, तिथून पाण्याच्या टाकीच्या कडेला. एका जागी सावली तुटली होती. तिथे त्या थांबल्या, पायाखाली बघितलं, आणि भराभर पावलं टाकत, जवळजवळ पळतच, त्यांनी तो उन्हाचा तुकडा ओलांडला.

पायात चपला होत्या. माझ्यापर्यंत त्यांचा आवाजही येत होता.